पाच मिनिटांसाठी दीड तास

१६०० मीटर आणि पाच मिनिटं दहा सेकंद. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलाला धावण्याचे पूर्ण २० गुण हवे असतील तर एवढ्यात आटोपावं लागतं. मुलींना ८०० मीटर, दोन मिनिटं पन्नास सेकंद. अग्निवीर व्हायचं तर तेच १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, म्हणजे ६० पैकी ६०. केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीत मुलांना पाच किलोमीटर, २४ मिनिटं. गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पारावर बसलेल्या विशीतल्या पोराला यातला कोणताही आकडा विचारा, तो सेकंदासकट सांगेल. त्याचा स्वतःचा आकडा विचारलात तर मात्र जरा थांबेल आणि दोन-चार सेकंद कमी करून सांगेल.

पहाटे साडेचारला गोंदियाहून बालाघाट, आमगाव, तिरोडा यांपैकी कुठलाही रस्ता धरा. गाडीच्या उजेडात आधी बूट दिसतात, मग पोटऱ्या, मग माणूस. दोघं, चौघं, कधी एकटाच. शहरातली मुलं इंदिरा गांधी स्टेडियमवर किंवा जिल्हा क्रीडा संकुलात जमतात. खेड्यातल्यांना डांबरी रस्ता हेच मैदान. किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत हजार मीटर आणि उरलेले सहाशे अंदाजाने, अमक्या बाभळीपर्यंत किंवा वळणावरच्या पानठेल्यापर्यंत. पानठेला हलला की गावातल्या सगळ्या पोरांची वेळ एका रात्रीत सुधारते, असं एकाने मला हसत सांगितलं.

या धावण्यामागे हौस थोडी, हिशेब जास्त. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि धानावर चालणाऱ्या राईस मिलचा. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं वीज केंद्र आहे. बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी केलेली धावपट्टी आहे आणि आज तिथे वैमानिक तयार होतात. पण गावातल्या मुलाला त्या दोन्ही ठिकाणी शिरायला वाट अरुंद. दोन-तीन एकर बांधी, त्यात दोन भाऊ, आणि धानाला मिळणारा भाव सगळ्यांनाच ठाऊक. राहता राहिली वर्दी. त्याच बिरसीच्या अंगाला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १५ आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या पट्ट्याने नक्षलवादाची वर्षं पाहिली, त्यामुळे पोलीस ठाणी आणि सशस्त्र दूरक्षेत्रं गावकऱ्यांच्या रोजच्या नजरेत आहेत. पहिला पगार, पहिली मोटारसायकल, बहिणीचं लग्न, घरावर स्लॅब, हे सगळं गावाने कुणाच्या ना कुणाच्या वर्दीतून आलेलं पाहिलेलं असतं. २०२४च्या भरतीत राज्यभर सतरा हजारांवर जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांहून अधिक आले. शंभरात एक. तरी पोरं धावतात, कारण दुसरीकडे शंभरात एकही नाही.

आता गंमत अशी की यातली बहुतेक मुलं चुकीचं धावतात. परीक्षा १६०० मीटरची म्हणून रोज १६०० मीटर, तेही जीव खाऊन, हातात मोबाईलचं घड्याळ. पहिल्या महिन्यात वेळ झपाट्याने उतरते. साडेसहाचे सहा होतात, सहाचे पाच-चाळीस. मग काटा अडकतो. पोरगा आणखी जोर लावतो, नडग्या दुखायला लागतात, तेल चोळून पुन्हा धावतो, आणि पाच-चाळीस काही हलत नाही. भरतीची तयारी करून देणाऱ्या अकादम्यांचे फलक आता तालुक्याच्या प्रत्येक चौकात आहेत. चांगल्याही आहेत त्यांत. पण पंचेचाळीस दिवसांत मैदान काढून देण्याचं आश्वासन ज्या फलकावर आहे, तिथे हळू धावायला कोण शिकवणार? हळू धावणाऱ्याचा व्हिडिओ कोण बघतो?

म्हणूनच डांगोरलीकडच्या काठाने रविवारी निघणारा एक गट मला पाहायचा होता. गट म्हणजे नोंदणी नाही, फलक नाही, टी-शर्ट नाहीत. सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे ‘फौजी सर’ म्हणतात आणि त्यांनी नाव छापू नका म्हणून बजावलं. आसपासच्या गावांतली पंधरा-वीस मुलंमुली त्यांच्याबरोबर असतात. सोमवार ते शनिवार ज्याने-त्याने आपापलं काय ते करावं. रविवारी मात्र दीड तास, नदीच्या कडेने, सगळ्यांनी एकत्र.

नदी म्हणजे वैनगंगा. गोंदिया तालुक्याच्या वरच्या अंगाला बिरसोला, कासा, काटी, डांगोरली, तेढवा अशी काठची गावं आहेत. बिरसोल्याजवळ बाघ नदी येऊन वैनगंगेला मिळते. पलीकडचा काठ बालाघाट जिल्ह्याचा, म्हणजे मध्य प्रदेशाचा. गोंदिया शहर पितं ते पाणी डांगोरलीवरूनच उचललेलं. काठाने आखलेली वाट अशी नाही. बैलगाडीची चाकोरी आहे, शेताचे धुरे आहेत, ट्रॅक्टरने मळलेला रस्ता आहे, मध्येच नाल्याची उतरंड आहे. पुण्या-मुंबईकडे आजकाल ‘ट्रेल’वर धावण्यासाठी पैसे भरून जावं लागतं. इथे ती म्हशींच्या मागे चालत गेलं तरी सापडते.

पायाखाली काय आहे हे इथे फार महत्त्वाचं. या भागात शेतकरी जमिनीला नुसतं काळी-तांबडी म्हणत नाही. कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी अशी तिची जातकुळी सांगतो. धावणारी पोरंही तीच नावं वापरतात, पण वेगळ्या हिशेबाने. कन्हार पावसात बुटाला धरते आणि बूट दुप्पट वजनाचा होतो. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की घोटा आत गेला तर महिनाभर मैदान बंद. मोरांड बरी, दाबून बसलेली, किंचित मऊ. बर्डी खडबडीत, पण कोरडी. नदीपात्रातली रेती फक्त शेवटच्या दहा मिनिटांसाठी, तीही अनवाणी. “रेतीत धावलं की पोटरी बोलते,” सर म्हणाले. “बोलायला लागली की थांबायचं. रडायला लागेपर्यंत नाही.”

निघालो तेव्हा उजाडायला अवकाश होता. मी सायकलवर, कारण माझ्या वयाला आणि पोटाला तेच शोभतं. सायकलच्या मागच्या कॅरिअरला पाण्याची कॅन, पिशवीत गूळ आणि पुडीत मीठ. हिवाळ्यात विदर्भातलं सर्वांत कमी तापमान बरेचदा गोंदियाच्या नावावर लागतं आणि नदीकाठी त्याचा अर्थ कळतो. पात्रावरून धुकं उठून बांध्यांवर पसरलेलं. सूर्य नदीच्या बाजूने येत नाही, धानाच्या बाजूने येतो, त्यामुळे आधी धुरे उजळतात आणि नदी बराच वेळ करडीच राहते. नव्याने आलेला एक पोरगा उत्साहाच्या भरात पुढे सटकला. सरांनी शिट्टी वाजवली. तो मागे आला. परत सटकला, परत शिट्टी. तिसऱ्यांदा सरांनी त्याला सगळ्यांत शेवटच्या मुलीच्या मागे धावायला लावलं आणि सांगितलं, “हिच्या पुढे पाऊल टाकलंस तर पुढच्या रविवारी येऊ नको.”

मग एक प्रकार सुरू झाला, तो मी आधी कुठे पाहिला नव्हता. मागून कुणीतरी ओरडलं, “वैनगंगेचा उगम?”

“मुंडारा. सिवनी जिल्हा.”

“वर्धा नदीला मिळाल्यावर नाव?”

“प्राणहिता.”

“नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प कधी?”

“दोन हजार तेरा.”

“गोसीखुर्दचं भूमिपूजन?”

इथे कुणी लवकर बोलेना. डावीकडच्या उंच पोराने तोंड उघडलं, पण श्वास आणि आकडा एकदमच बाहेर आले. “अठ्ठ्या... ऐंशी.” सर लगेच त्याच्या बाजूला. “येतं ना तुला? मग सांगता का नाही येऊन राहिलं? हळू हो बेटा.” दीड तासात अर्धा महाराष्ट्राचा भूगोल, बरीचशी राज्यघटना आणि थोडं मराठी व्याकरण होऊन जातं. धावताना अख्खं वाक्य बोलता आलं तर वेग योग्य, ही कसोटी जगभरचे प्रशिक्षक वापरतात. तिच्यात सामान्य ज्ञान कोंबायची युक्ती मात्र अस्सल भरतीवाली.

साधारण चौदा किलोमीटर होतात. म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटांच्या आसपास. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढणाऱ्या मुलाला हा वेग अपमानकारक वाटतो. त्याला किलोमीटरला साडेतीन मिनिटांपेक्षाही जोरात धावायची सवय. पण हिशेब शरीराच्या बाजूने केला तर चित्र पालटतं. पाच मिनिटं जोरकस धावायला लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे चार-पंचमांश वाटा श्वासातून घेतलेल्या प्राणवायूच्या जोरावर तयार होतो. मुलींच्या ८०० मीटरमध्येही साधारण दोन-तृतीयांश. म्हणजे जी परीक्षा दमछाकीची वाटते ती खरं तर दमाची आहे. आणि दम वाढतो तो लांब, संथ धावण्याने. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमधली मायटोकॉन्ड्रिया वाढतात, अस्थिबंध आणि नडग्यांची हाडं हळूहळू टणक होतात. यातलं एकही काम पंचेचाळीस दिवसांत पुरं होत नाही. वरचा वेग त्यानंतर, शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत चढवायचा असतो.

हे शास्त्र प्रयोगशाळेतून आधी आलं नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या ओवायराका उपनगरात आर्थर लिडियार्ड नावाचा माणूस बुटांच्या कारखान्यात काम करायचा. त्याने स्वतःवर प्रयोग करून ठरवलं की कुठल्याही अंतराचा धावपटू असो, त्याचा पाया लांब धावेनेच घालायचा. दर रविवारी त्याची पोरं वाइटारुआच्या डोंगरवाटेने २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर जायची. त्यांत पीटर स्नेल होता, जो तेव्हा शर्यतीत मुख्यतः ८०० मीटर धावायचा. आठशे मीटरवाल्याला पस्तीस किलोमीटर कशाला, म्हणून लोक हसले. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं सुवर्ण घेतलं आणि त्याच दिवशी, तासाभराच्या आत, त्याच्याबरोबर त्याच वाटेने धावणाऱ्या मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं. चार वर्षांनी टोकियोत स्नेलने ८०० आणि १५०० दोन्ही जिंकले. फौजी सरांना लिडियार्ड माहीत नव्हता. त्यांना त्यांच्या पलटणीतल्या उस्तादाने शिकवलं, त्या उस्तादाला कुणी, ते तो जाणे. मी स्नेलची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, “आठशेवाला पस्तीस? मग माझी पोरं चौदात काय कुरकुरतात!” आणि पुढचा आठवडाभर ती कथा पोरांना ऐकावी लागली असणार.

आपल्याकडे तर याहून जुना दाखला आहे. १९१९मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत शेतकरी घरातली माणसं अनवाणी धावली. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा बघत होते. ना तंत्र, ना आहार, ना बूट, तरी त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या पंगतीत बसवता येण्याजोगी होती. दोराबजींच्या पुढाकाराने आणि बऱ्याच अंशी त्यांच्या पैशाने १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटर होती. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. शेताच्या वाटेवर कमावलेला दम तेव्हाही होता. त्याला वळण द्यायला कुणी नव्हतं, आणि आजही खेड्यात फार कुणी नाही.

आणि भरतीतूनच पुढे गेलेला अविनाश साबळे सगळ्यांना पाठ आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा, शाळेची रोजची पायपीट, बारावीनंतर महार रेजिमेंट, सियाचीनची नेमणूक. शर्यतीत तो त्यानंतर, २०१५मध्ये उतरला. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, २०२४मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. पोरांच्या मोबाईलच्या पडद्यावर तो असतो. पण त्याच्यासारखं ऑलिंपिकला जायचं आहे का विचारलं तर कुणी हो म्हणत नाही. “आधी नोकरी लागू द्या सर.” साबळेचंही तेच होतं, आधी नोकरी लागली.

या गटात मुली निम्म्यापेक्षा थोड्या कमी. मला आश्चर्य संख्येचं वाटलं नाही, कारण भरतीत ३० टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि हा हिशेब आयांनाही कळतो. आश्चर्य वाटलं ते त्यांच्या व्यवस्थेचं. कुणी एकटी येत नाही. एकीच्या घरून दुसरीच्या, मग तिसरीच्या, असं करत चौघी जमल्या की वाटेला लागतात. दोघींचे भाऊ मोटारसायकल घेऊन शंभर पावलं मागे असतात. त्यांतल्या एका भावाला मी विचारलं, “तू का नाही धावत?” तो म्हणाला, “माझं वय गेलं ना काका.” वय चोवीस. अग्निवीरचं दार त्याआधीच बंद होतं. मुलींना गावात सुरुवातीला बोलणी खावी लागली, ट्रॅकपँट घालून नदीवर कशाला म्हणून. मग शेजारच्या गावातली एक जण पोलीस झाली आणि बोलणी बंद झाली. आता त्याच बाया विचारतात, आमच्या पोरीला नेशील का. गावाचं मत बदलायला एक नियुक्तीपत्र पुरतं. व्याख्यानं देणाऱ्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र भरतीच्या फलकांवर कुठेच नसते आणि पूर्व विदर्भात ती पहिल्या ओळीत असायला हवी. ती म्हणजे सिकलसेल. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाजांत या आजाराचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. वाहक म्हणजे आजारी नव्हे. तो शेती करतो, खेळतो, सैन्यातही जातो, आणि बरेचदा आपण वाहक आहोत हे त्याला माहीतच नसतं. पण ऊन, कोरडं पडलेलं शरीर आणि अंगात सवय नसताना केलेली जीवघेणी धाव हे तिन्ही एकत्र आले तर वाहकाच्याही रक्तपेशी वाकड्या होऊ शकतात आणि स्नायू फुटायला लागतात. अमेरिकी लष्कराच्या नवशिक्या जवानांवरचा एक अभ्यास १९८७ला प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय जवानांत, कसरतीच्या वेळी अचानक मृत्यू येण्याचा धोका वाहकांना इतरांच्या पंचवीस पटींहून जास्त दिसला. जवळपास तीस वर्षांनी, २०१६मध्ये, हजारो सैनिकांच्या नव्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही, फक्त स्नायू फुटण्याचा धोका दीडपट राहिला. मधल्या काळात तिथल्या लष्कराने पाण्याचे, उन्हाचे आणि विश्रांतीचे नियम सगळ्यांसाठीच कडक केले होते.

याचा अर्थ वाहकाने धावू नये असा कुणी काढू नये. अर्थ इतकाच की तपासणी करून घ्यावी आणि रोज जीव खाऊन १६०० मीटर मारण्याऐवजी हळूहळू अंतर वाढवावं. तपासणी महाग नाही. साधी सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, पुढची खात्री जिल्ह्याला. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि महाराष्ट्राचा स्वतःचा कार्यक्रम तिच्या कितीतरी आधीपासून आहे. फौजी सर नव्या पोराला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारतात: बूट कितीचा आणि सिकलसेल तपासलं का. न तपासलेल्याला रविवारी नेत नाहीत. गटात वाहक आहेत. कोण, ते फक्त सरांना आणि त्या मुलांना माहीत. पाण्याला थांबायची वेळ ठरलेली असते, तहान लागो न लागो, आणि उन्हाळ्यात आठच्या आत सगळे घरी. मैदानी चाचणीचं मैदान आखणाऱ्यांनी आणि अकादम्या चालवणाऱ्यांनी एवढं जरी उचललं तरी पुरे.

वाटेचंही सांगायला हवं, कारण ती दरवर्षी थोडी कमी होते आहे. वैनगंगेची रेती चांगली, म्हणून तिच्यावर डोळा. रेतीघाटाकडे जाणाऱ्या टिप्परांनी चाकोऱ्यांचे खड्डे केलेत आणि पहाटे चार ते सहा ही त्यांचीही आवडती वेळ. पोरं आवाजावरून ओळखतात, भरलेला की रिकामा, आणि धुऱ्यावर चढून उभी राहतात. १० जून ते ३० सप्टेंबर रेती उपसायला बंदी असते. टिप्पर थांबतात तेव्हा चिखल येतो. २०२०च्या ऑगस्टअखेर वरच्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगेने काठच्या गावांत शिरून धान झोपवलं. त्या पुरात वाटेचे दोन तुकडे दरडीसकट गेले, असं मुलं सांगतात. आता तिथून वळसा आहे.

पर्याय आहे, तो म्हणजे कालवे. बाघ-इटियाडोह प्रकल्पाच्या कालव्यांची पार जिल्ह्याच्या बऱ्याच भागातून जाते. ती सपाट, वाहतूक नसलेली आणि बाजूला पाणी. आमगाव-सालेकश्याकडची मुलं तिचाच उपयोग करतात. तिच्यावर दर शंभर मीटरला चुन्याची एक रेघ मारायला कितीसा खर्च? एवढ्या एका रेघेने डांबरी रस्त्यावर अंधारात धावणारी पोरं बाजूला होतील. कुणी मनावर घेत नाही. देवरी, अर्जुनी-मोरगावच्या जंगलपट्ट्यात वेगळीच अडचण. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळायला लागला की पहाटे झाडाखाली अस्वल असतं आणि अस्वल शिट्टीला दाद देत नाही. तिथली पोरं त्या दोन महिन्यांत उजाडल्यावरच निघतात, गावाच्या डांबरी रस्त्यावर.

डांगोरलीच्या बाजूला अडचण नसून अडवणूक आहे, आणि ती सारसांची. महाराष्ट्रातले जवळपास सगळे सारस याच जिल्ह्यात. मोजदादीत आकडा अलीकडे तीसच्या आसपास फिरतो. सहा फुटांच्या जवळ जाणारा हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटं करतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या रक्षणाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, आणि सारसप्रेमी कार्यकर्ते दरवर्षी जूनमध्ये पहाटे त्याची गणना करतात. गटाचा नियम असा, की बांधीत जोडी दिसली तर प्रश्नोत्तरं बंद, चालत पुढे जायचं, दोनशे पावलांनी पुन्हा धावायला लागायचं. आम्ही गेलो त्या दिवशी जोडी होती. नव्या पोराने मोबाईल काढला, सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, मोबाईल खिशात गेला. जोडीतल्या एकाने मान वर करून आम्हाला पाहिलं आणि पुन्हा चिखलात चोच घातली. तेवढ्यात दोन मुलींनी बुटांच्या लेस बांधून घेतल्या.

धावण्याचं वर्ष धानाच्या वर्षावर बसवावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. दिवसभर कमरेत वाकून पऱ्हे रोवलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी चौदा किलोमीटर सांगणं म्हणजे छळ. सर सांगत नाहीत. त्या दोन महिन्यांत रविवार पाऊण तासावर येतो. कापणी-मळणीत पुन्हा गळती. आणि दिवाळीनंतर मंडया! भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार किंवा झाडीपट्टीचं नाटक, पडदा पडतो तोवर कोंबडा आरवतो. सकाळी गटात पाच-सहा जण, तेही जांभया देत. सरांना विचारलं, रागावत नाही का? “मीच पहिल्या रांगेत असतो, रागावू कोणावर?” पण वेळापत्रकाचा खरा घात सरकार करतं. भरती कधी निघेल याचा पत्ता नसतो. २०२४मध्ये मैदानी चाचणी सुरू झाली १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर. २०२५च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने पंधरा हजारांवर पदांना मंजुरी दिली आणि पोरं तारखेकडे डोळे लावून बसली. दम वर्षभरात घडतो आणि जाहिरात जेमतेम काही महिने आधी येते. या दोहोंतलं अंतर भरून काढायचं म्हणून तरी रविवार चुकवायचा नाही, हे या गटाला पटलेलं आहे.

परतल्यावर शाळेच्या ओट्यावर भिजवलेले चणे आणि गूळ. बुटांना लागलेली कन्हार काडीने खरवडायची, बूट उन्हात पालथे ठेवायचे. एका मुलीने यंदा वनरक्षकाचंही डोक्यात घेतलंय. त्या भरतीत मुलींना तीन किलोमीटर धावावं लागतं, मुलांना पाच, आणि निवडीच्या शेवटी चार तासांत मुलांना २५ आणि मुलींना १६ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. चालण्याची भीती वाटते का, विचारलं. “चार तास? एवढ्यात तर मी मामाच्या गावाला जाऊन चहा पिऊन येते.” मग अडतं कुठे? तिने पिशवीतून वही काढली. अंकगणित. पोलिसांच्या लेखीत शंभर गुण असतात आणि त्यात मराठी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता यांच्याबरोबर हेही. मैदानात पास झालेल्यांतून एका जागेमागे दहा जण लेखीला बोलावतात. गेल्या वेळी ती त्या दहांत होती. काळ-काम-वेगाच्या उदाहरणांनी मागे राहिली. आगगाडी बोगद्यातून जायला किती वेळ घेईल, हे तिला सुटत नव्हतं.

सर चणे खाता खाता म्हणाले, “आगगाडी सोड. आज चौदा किलोमीटर झाले, पंच्याऐंशी मिनिटं लागली. ताशी वेग काढ.”

तिने वहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडला, दोनदा खोडला. नव्या पोराने डोकावून काहीतरी सुचवायचा प्रयत्न केला, त्याला तिने कोपराने दूर केलं.

“नऊ पूर्णांक अठ्ठ्याऐंशी.”

“बरोबर. आता त्या पोराच्या वेगाने काढ, जो पहिल्या किलोमीटरला पुढे पळाला होता.”